मंडईतील क्लचची कैफियत

शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या मैदानात भरत आलेला भाजीबाजार तेथून उठवून पुणे नगरपालिकेने शुक्रवार पेठेत त्यासाठी जी अष्टकोनी मनोऱ्याची दगडी वास्तू उभारली, आणि १८८६ साली जी मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ‘रे मार्केट’ म्हणून खुली झाली, तिच्या आखणीत मोटारीचा विचार होणे शक्यच नव्हते. कारण जर्मनीत कार्ल बेंझ याने आपल्या मोटारगाडीच्या पेटंटासाठी अर्ज केला तो त्याच वर्षीच्या जानेवारीत. नगरपालिकेचे सदस्य असताना ज्या जोतीराव फुल्यांनी या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला, त्यांचेच नाव पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने या मंडईला मिळाले, हा काळाचा विनोद पुणेकरांच्या परिचयाचा आहे. मला सांगायची आहे ती हकिकत मात्र याहून पुष्कळच क्षुद्र वस्तूची आहे. मंडई आणि मोटारगाडी या दोन समवयस्कांची गाठ पडल्यापासून त्या दोहोंच्या कात्रीत सापडून जो झिजत आला, त्या क्लचची ही कैफियत.

बैलगाडीला क्लच लागत नाही. बैल थांबला की गाडी थांबते आणि त्याने मान पुढे घातली की ती चालू लागते. इंजिनाची प्रकृती निराळी. त्याची गती विशिष्ट मर्यादेखाली गेली की ते विझते, आणि म्हणून फिरते इंजिन व उभे चाक यांच्यामध्ये घर्षणाच्या बळावर हळूहळू पकड घेणारा व हवी तेव्हा ती सोडून देणारा मध्यस्थ नेमावा लागतो. पकड पक्की असेल तर या मध्यस्थाची झीज नाही, पुरती सुटलेली असेल तरीही फारशी नाही. त्याचा जीव जातो तो अर्धवट पकडीत. आणि ज्याने शिवाजी रस्त्यावरून बाबू गेनू चौकाच्या बाजूला सणाच्या आदल्या संध्याकाळी गाडी घातली आहे, हातगाडी, हमाल, पाटीवाली आणि तुळशीबागेतून उसळलेली गर्दी यांच्यामधून जो वीतभर पुढे सरकून पुन्हा थांबला आहे, त्याला अर्धवट पकड म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

१९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीच्या तीनचाकी मालगाड्यांमुळे हँबुर्गच्या एका कारखान्याचे नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले, आणि ‘टेम्पोत माल भरला’ या वाक्यात परदेशी काही आहे याची जाणीवही मागे उरली नाही. पाठोपाठ आकुर्डीच्या बजाजच्या स्कूटरी आल्या. त्यांच्या क्लचमध्ये बुचाचे अस्तर लावलेल्या चकत्या तेलात बुडून फिरत. ‘क्लच स्लिप मारते’ अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक आले की प्लेटा बदलायच्या, आणि चार महिन्यांनी तेच गिऱ्हाईक तीच तक्रार घेऊन आले की पुन्हा बदलायच्या, असा कित्येक गॅरेजांचा रिवाज होता. जाणता मिस्त्री मात्र पान्याला हात लावण्यापूर्वी हँडलवरील क्लचची दांडी दोन बोटांनी हलवून पाही. ती जराही सैल नसेल, तर केबल ताणलेली आहे, क्लच कायमचा किंचित दाबलेला आहे, आणि प्लेटा निर्दोष असून जळत आहेत, हे त्याला गाडी न उघडता कळे.

पुढे दांडीच गेली. टेम्पोवाल्या नवलमल फिरोदियांचे बंधू हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली लुना आणली, तिचा क्लच इंजिनाच्या वेगाने आपोआप पकड घेई. आणि १९८४ साली जपानच्या होंडाशी सहकार्य करून त्याच घराण्याने जी बिनगिअरची स्कूटर काढण्याचा घाट घातला, तिच्यात पट्टा आणि कमीजास्त होणाऱ्या पुल्या यांनी गिअरांचीही हकालपट्टी केली. डावा हात मोकळा झाला, त्यात भाजीची पिशवी आली. क्लच जळाल्याचे खापर चालवणाऱ्याच्या हातावर फोडण्याची सोय तेवढी नाहीशी झाली.

स्वयंचलित गिअरबॉक्सची मोटार या वंशातली नव्हे. तिचे कूळ अधिक जुने आहे. हेर्मान फोटिंगर या जर्मन अभियंत्याने जहाजांसाठी द्रवामार्फत शक्ती वाहून नेण्याची युक्ती काढून १९०५ साली तिचे पेटंट घेतले, आणि तिचा आधार घेऊन अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९३९ साली ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी ‘हायड्रामॅटिक’ ही योजना बाजारात आणली. पायाखालचा पेडल गेला म्हणून क्लच गेला असे मानणे ही मात्र भूल आहे. तो पोटात गेला, आणि एकाचे अनेक झाले. पोलादी आणि घर्षणाच्या चकत्या एकाआड एक रचून केलेले हे गठ्ठे आपापल्या ड्रममध्ये बसतात. पंपाने दिलेले तेल पिस्टनला रेटते, पिस्टन गठ्ठा आवळतो, आणि ग्रहमालेसारख्या दात्यांच्या रचनेतील कोणते चाक धरायचे व कोणते सोडायचे हे त्यावरून ठरते. दांडी आणि केबल यांचे काम येथे तेलाचा दाब करतो.

माझ्या एका स्नेह्याच्या अशा गाडीचा गिअरबॉक्स एका कारखान्यात उतरवून नव्याने बांधण्यात आला. काही महिन्यांत एकच गठ्ठा जळाला. पुन्हा उतरवला, पुन्हा नव्या प्लेटा, पुन्हा तोच गठ्ठा. तिसऱ्या खेपेस अधिक महागाच्या प्लेटा सुचवण्यात आल्या, तेव्हा स्नेह्याने एका वृद्ध मिस्त्रींना गाठले. जळलेली चकती ही आरोपी नसून फिर्यादी आहे, एवढे एक सूत्र त्या गृहस्थांना पक्के ठाऊक होते. त्यांनी प्रथम विचारले, जळाले काय, सगळेच की एकच? सगळे गठ्ठे जळाले असते तर संशय पंपावर, मूळ दाबावर, तेलावर किंवा पहिल्या जळिताचा गाळ न धुता तसाच ठेवलेल्या कूलरवर गेला असता. एकच पुन्हापुन्हा जळतो, त्या अर्थी खोट त्याच्या एकट्याच्या वाटेत असली पाहिजे. मग त्यांनी रीतसर पंचनामा मांडला. प्लेटा बसवण्यापूर्वी तेलात मुरवल्या होत्या काय, त्यांची संख्या आणि गठ्ठ्यातली मोकळीक मापाची आहे काय. पिस्टनच्या सीलची कड दुमडली तर नाही. आणि ड्रममधील ती बारीकशी गोळी, जी क्लच सुटल्यावर फिरत्या ड्रममध्ये अडकलेल्या तेलाला वाट करून देते, ती मोकळी आहे की गाळाने चिकटली आहे? ती चिकटली तर पिस्टन मागे सरतच नाही, आणि गठ्ठा सुटलेल्या अवस्थेतच घासून जळतो. गोळी मोकळी निघाली. शेवटी त्यांनी ड्रम आपल्या जागी बसवून तेलाच्या छिद्रातून दाबाखालची हवा सोडली. पिस्टनचा ‘थप्प’ असा आवाज आला, परंतु त्यामागोमाग एक लांब सुस्काराही आला, आणि म्हातारबुवा हसले.

ड्रमच्या आतल्या पृष्ठभागावर, जेथे शाफ्टवरच्या सीलच्या कड्या टेकतात तेथे, जुन्या कड्यांनी वर्षानुवर्षे घासून खोबणी पाडल्या होत्या. दोन्ही खेपांना कड्या नव्या घातल्या गेल्या, पण बसवल्या त्याच खोबणींत. तेल त्यांच्या बाजूने निसटत राहिले. कारखान्याच्या चाचणीत ही गळती कधी दिसली नाही, कारण चाचणी थंड तेलाने मोकळ्या रस्त्यावर होई. थंड तेल दाट असते, आणि वेगात पंपही भरपूर तेल देतो. स्नेह्याचे दुकान मंडईजवळ. तेथे संध्याकाळी तेल तापून पातळ झालेले, इंजिन मंद चाललेले, पंप जेमतेम फिरणारा, आणि दर दोन हातांवर थांबा. निसटत्या तेलातून उरलेला दाब गठ्ठ्याला अर्धवट आवळी, आणि स्कूटरच्या ताणलेल्या केबलने बुचाच्या चकत्यांचे जे केले तेच येथे घडे. ड्रम बदलला, प्लेटा साध्याच घातल्या, त्यानंतर तो गिअरबॉक्स पुन्हा उतरलेला नाही.

तेव्हा वाचकहो, नव्याने बांधलेला गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवायला संमती देण्याची पाळी आपल्यावर आली, तर त्याआधी तेल पुरते तापवून, इंजिन मंद ठेवून, तेलाचा दाब दाबमापकावर मोजायला सांगा, आणि तो आकडा कागदावर लिहून मागा.