कॉमन नेम नावाचं भूत

साइट उघडायला जावं आणि समोर ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ अशी पाटी यावी, हे कधी ना कधी सगळ्यांच्याच वाट्याला येतं. पाटीखाली बारीक अक्षरांत एक सांकेतिक ओळ असते. साइटचा पत्ता तिच्या सर्टिफिकेटातल्या, म्हणजे ओळखपत्रातल्या, नावाशी जुळत नसेल, तर क्रोम तिथे लिहितो: ‘सर्ट कॉमन नेम इनव्हॅलिड’. गंमत अशी की 2017 साली आलेल्या 58व्या आवृत्तीपासून क्रोम कॉमन नेमचा रकाना पाहतच नाही. नाव जुळवतो ते ‘सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम’ या वेगळ्याच रकान्यातून. मग न वाचलेल्या रकान्याच्या नावाने ही बोंब कसली?

माग काढत गेलं की आपण थेट टेलिफोनवाल्यांच्या दारात पोचतो.

एखाद्या कंपनीच्या सर्टिफिकेटातला ‘सब्जेक्ट’ उघडा. सीएन, ओ, एल, एसटी, सी. म्हणजे नाव, संस्था, गाव, राज्य, देश. कंपनी पुण्याची असली तर गावाच्या जागी पुणे आणि देशाच्या जागी आयएन. वेबसाइटला गाव कशाला हवं? तिला नकोच, ते डिरेक्टरीला हवं होतं. देशोदेशींच्या दूरसंचार खात्यांच्या समितीने, सीसीआयटीटीने, 1988 साली एक्स.500 ही मानकं काढली. बेत मोठा होता: साऱ्या जगाची एकच इलेक्ट्रॉनिक डिरेक्टरी, देशाखाली संस्था, संस्थेखाली माणसं. माणूस ज्या नावाने ओळखला जातो ते कॉमन नेम. डिरेक्टरीला हात लावणाऱ्याची ओळख पटवायला त्याच मालिकेत एक्स.509 आलं. जगाची डिरेक्टरी काही उभी राहिली नाही, पण ओळखपत्राचा साचा तेवढा टिकला. ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केपने 1995 साली साइटशी होणारं बोलणं गुप्त ठेवणारं एसएसएल आणताना तोच उचलला, आणि पुढे माणसाच्या नावाच्या रकान्यात साइटचं नाव कोंबलं गेलं.

यावर जाणकार हरकत घेतात: सर्टिफिकेटचा जनक लोरेन कोनफेल्डर, एमआयटीतला विद्यार्थी, त्याचा पदवीचा प्रबंध 1978चा, टेलिफोनवाले मागाहून आले. तारखा बरोबर आहेत. पण माझ्या मते कोनफेल्डरही डिरेक्टरीच्याच घराण्यातला. प्रत्येकाला धाडायचे संदेश कुलूपबंद करण्याची किल्ली नाव-पत्त्यासह सार्वजनिक सूचीत ठेवावी, असं संकेतशास्त्रज्ञ डिफी आणि हेलमन यांनी 1976 साली सुचवलं होतं. दर वेळी सूचीलाच विचारायचं तर सगळा खोळंबा तिथेच होणार, हे कोनफेल्डरने ओळखलं आणि सूचीतली नोंद सही करून ज्याची त्याच्या हाती दिली. सर्टिफिकेट म्हणजे डिरेक्टरीचं सहीनिशी फाडून दिलेलं पानच. मूळ डिरेक्टरीचं, हा माझा हेका कायम.

साइटसाठी कॉमन नेम वापरू नये, असं इंटरनेटच्या मानकांनी 2000 सालीच बजावलं होतं; क्रोमने ते मनावर घ्यायला 17 वर्षं लावली. एररचं नाव तरीही का बदललं नाही? जगभरचे प्रोग्राम आणि मदतीची पानं त्याच नावावर विसंबून आहेत म्हणून, असा माझा अंदाज.

त्याच पाटीखाली कधीकधी दिसणाऱ्या तारखेच्या एररला असली वंशावळ नाही. सर्टिफिकेटची मुदत संपलेली असते, नाहीतर मदरबोर्डवरची बॅटरी मेल्याने कॉम्प्युटर भलत्याच सालात गेलेला असतो. म्हणून आधी कॉम्प्युटरचं घड्याळ पाहा, मग पत्ता नीट वाचा, मग सर्टिफिकेट कुणाच्या नावाचं आहे ते उघडून बघा. बँकेची साइट असेल, तर धोका पत्करून पुढे जाण्याची ती लिंक मात्र दाबू नका.