शेष राखण्याची विद्या

कर्ज, आग आणि वैर यांचा शेष ठेवू नये, अशी शिकवण आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या दिली जाते. व्याधीचीही गणना याच मालिकेत व्हावी असे कोणास वाटले, तर ते स्वाभाविकच होय. काही वर्षांपूर्वी रायपूरच्या समता कॉलोनीत, आमच्या शेजारच्या एका मराठी कुटुंबात, ही शिकवण एका शस्त्रवैद्याच्या निर्णयाशी येऊन आदळली. त्या प्रसंगाने आम्हांस ज्या इतिहासाकडे वळविले, तो येथे थोडक्यात सांगण्याचा मानस आहे.

त्या घरातील गृहिणी टेलिफोन नेहमी डाव्या कानाला लावीत; त्या नकळत तो उजव्या कानाला लावू लागल्या. हाक कोणत्या बाजूने आली हे त्यांना उमगेनासे झाले. पहाटे अंधारात रांगोळी घालावयास बाहेर पडताना भिंतीचा आधार लागू लागला. वयाचा दोष म्हणून सर्वांनी, आणि सर्वांत अधिक त्यांनी स्वतः, ते कानाआड केले. पुढे डावा गाल बधिर झाला तेव्हा तपासण्या झाल्या, आणि कवटीच्या तळाशी, कानाच्या आतल्या बाजूस, लिंबाएवढी गाठ दिसली. शस्त्रवैद्य म्हणाले, "गाठ कर्करोगाची नाही. बहुतेक सगळी काढता येईल. पण मस्तिष्कस्तंभाला चिकटलेला पापुद्रा सहज सुटला नाही, तर तो मी तेथेच ठेवीन." यावर बाईंचे थोरले दीर म्हणाले, "काढायचीच तर मुळासकट काढा. उरलेसुरले कशासाठी ठेवायचे?" त्यांच्या स्वरात शंका होती, आणि ती शंका आमच्याही मनात होती. अर्धे काम सोडण्याची आधीच तयारी ठेवणारा हा माणूस भित्रा तर नव्हे?

या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी ती जागा समजून घ्यावयास हवी. मस्तिष्कस्तंभ म्हणजे मेंदूचा देठ. त्याची जाडी अंगठ्याएवढी आणि लांबी जेमतेम तीन इंच. परंतु श्वास, हृदयाची गती आणि जागेपणा यांची सूत्रे तेथून हलतात, आणि मेंदूचा सर्व शरीराशी चालणारा व्यवहार त्यातूनच होतो. या देठाच्या आणि लहान मेंदूच्या मध्ये एक चिंचोळा कोपरा आहे. श्रवणाची व तोल सांभाळण्याची मज्जा तेथून जाते. तिला खेटून चेहरा हलविणारी मज्जा जाते. आणि थोडे खाली, गिळण्याचे काम पाहणाऱ्या मज्जा असतात. तोलाच्या मज्जेच्या आवरणातून उगवणारी ही गाठ वर्षानुवर्षे संथपणे वाढते. ती शरीरात अन्यत्र पसरत नाही. परंतु कवटी हाडाची असल्याने तिला मागे सरकावयास जागा नसते, आणि अखेरीस ती देठावरच रेलते.

कानामागचा प्रदेश नाजूक आहे, हे आपल्याकडील प्राचीनांच्या निरीक्षणातून सुटले नव्हते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात १०७ मर्मे सांगितली आहेत. त्यांत कानाच्या मागे व खाली असणाऱ्या मर्मास 'विधुर' असे नाव असून, तेथील आघाताने बहिरेपण येते असे म्हटले आहे. डोके व मान यांच्या सांध्यावरील 'कृकाटिका' दुखावल्यास मस्तक अस्थिर होते, असेही सांगितले आहे. म्हणून त्या काळी मेंदूतील गाठी काढीत असत असा निष्कर्ष काढणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. कोठे शस्त्र लावू नये हे त्यांना ठाऊक होते, एवढेच म्हणणे न्याय्य. आणि तेवढेही लहान ज्ञान नव्हे.

या जागी शस्त्र लावण्याचे धाडस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाले. १८९४ मध्ये लंडनच्या चार्ल्स बॅलन्स यांनी या कोपऱ्यातील गाठ काढली. ती देठापासून सोडविण्यासाठी त्यांनी चक्क बोट घातले होते! रोगी स्त्री वाचली. पण चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली आणि त्या बाजूचा डोळाही गेला. पुढील वर्षी एडिंबरो येथे टॉमस अ‍ॅनन्डेल यांनी एका पंचवीस वर्षांच्या गर्भवती स्त्रीची गाठ काढली. ती बरी होऊन पुढे सुखरूप बाळंत झाली. परंतु हे भाग्य अपवादाचे होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, युरोपातील नामांकित शस्त्रवैद्यांच्या हातूनही या शस्त्रक्रियेतील शेकडा ७० ते ८० रोगी दगावत. रोगी बहुधा दृष्टी गेल्यावर येत, आणि गाठ बोटाने भराभर उकरून काढली जाई.

हे चित्र पालटले ते अमेरिकेतील हार्वी कुशिंग यांनी. १९१७ साली त्यांनी या गाठींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांची युक्ती ऐकावयास साधी आहे: गाठीचे कवच उघडावे, आतला गर पोखरून काढावा, आणि देठाला चिकटलेले कवच जागच्या जागी राहू द्यावे. घाई नाही, बोट नाही, रक्ताचा थेंबन्‌थेंब आवरलेला. मृत्यूचे प्रमाण त्यांनी शेकडा २० च्या आसपास आणले आणि पुढे ते आणखी घटविले. म्हणजे या क्षेत्रातील पहिले मोठे यश मिळाले ते शेष ठेवूनच. परंतु त्या शेषाची किंमतही द्यावी लागली. कवच जिवंत असते. काही वर्षांत गाठ पुन्हा भरे आणि अनेक रोगी परत येत.

कुशिंग यांचेच एकेकाळचे साहाय्यक वॉल्टर डँडी यांना हे पटेना. आधी आतला भाग रिकामा करावा आणि मग कवचही देठावरून सोलून काढावे, अशी रीत त्यांनी १९२२ मध्ये जाहीर केली व १९२५ मध्ये ती सविस्तर मांडली. गुरूला त्यातील सूर झोंबला, आणि दोघांमधील कटुता वाढली. आज तटस्थपणे पाहता दोघांच्याही पदरी सत्याचा अंश होता असे दिसते. डँडींचे रोगी गाठीतून कायमचे मुक्त होत. परंतु चेहऱ्याची मज्जा बहुधा त्यांना गमवावी लागे. डोळा मिटत नसे, ओठ एका बाजूला ओढला जाई. जीव वाचला, पण आरशात पाहण्याचे धैर्य गेले, अशी कित्येकांची अवस्था झाली असेल.

शिवाय एक कोडे उरलेच होते. गाठ स्वच्छ निघाली, रक्तस्राव फारसा झाला नाही, तरी रोगी एक-दोन दिवसांत का जावा? १९४९ साली अ‍ॅट्किन्सन या ब्रिटिश वैद्याने त्याचा उलगडा केला. गाठीच्या अंगावरून एक बारीक धमनी वळसा घेऊन जाते, आणि तीच देठाच्या एका भागाला रक्त पुरविते. गाठ मुळासकट काढण्याच्या भरात ती बांधली जाई, आणि देठाचा तो भाग मरे. तेव्हा रोग्याचा घात गाठ करीत नव्हती. गाठीचा कणही ठेवायचा नाही, हा हट्ट करीत होता.

हा हट्ट सोडणे शक्य झाले ते दृष्टी सुधारली म्हणून. १९५७ मध्ये लॉस एंजेलिस येथे थिओडोर कुर्झे यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक वापरला. त्याच शहरात १९६० नंतर विल्यम हाउस या कर्णवैद्यांनी कानाचे हाड कोरून गाठीपर्यंत जाण्याची वाट रूढ केली. १९६७ पासून झुरिक येथे गाझी याशारगिल यांनी सूक्ष्मदर्शकाखालील मेंदूच्या शस्त्रक्रियेचे शास्त्रच उभे केले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रोग्याच्या मेंदूचे सी.टी. चित्रण झाले, आणि गाठ कवटी न उघडता दिसू लागली. पुढे एम.आर.आय. आले, शस्त्रक्रिया चालू असतानाच चेहऱ्याची मज्जा शाबूत आहे की नाही हे विजेच्या सूक्ष्म स्पंदनाने सांगणारी यंत्रे आली. धमनी आणि मज्जा दिसू लागल्या, म्हणून त्या राखता येऊ लागल्या.

आपल्या देशात हे शास्त्र स्वातंत्र्याबरोबरच आले, असे म्हणावयास हरकत नाही. १९४९ मध्ये जेकब चांडी यांनी वेल्लोर येथे आणि १९५० मध्ये बी. राममूर्ती यांनी मद्रास येथे मेंदूच्या शस्त्रक्रियेस वाहून घेतलेले काम सुरू केले. मुंबईत मॉन्ट्रियलहून शिकून आलेले राम गिंडे आणि के.ई.एम. रुग्णालयातील होमी दस्तूर यांनी पाया घातला. आम्हां रायपूरकरांस मात्र हे सर्व आगगाडीच्या अंतरावर होते. वैद्यकीय महाविद्यालय येथे १९६३ साली निघाले. तरी मेंदूचा विकार म्हटला की नागपूर, मुंबई वा वेल्लोरचे तिकीट काढणे, हीच बराच काळ रीत होती. डुगडुगत्या तोलाचा रोगी, सोबत एक जाणता माणूस, आणि परमुलुखात राहण्याजेवणाची विवंचना! २००० साली छत्तीसगड राज्य झाले, २०१२ मध्ये येथे एम्स सुरू झाले, आणि आता ही शस्त्रक्रिया गावातच होऊ शकते. आमच्या शेजारणीची गावातच झाली.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री आम्ही त्या घरी बसलो होतो. कुशिंग, डँडी आणि त्या बारीक धमनीची हकीकत आम्हांस जेवढी समजली होती तेवढी थोरल्या दिरांना सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ठेवणे हेही काढण्याइतकेच कौशल्याचे काम म्हणायचे." आम्ही होय म्हटले, परंतु आतून आम्हीही धास्तावलेलेच होतो. इतिहास मनाला समज देतो. उद्याची हमी मात्र देत नाही.

शस्त्रक्रिया आठ तास चालली. देठावर एक पातळ पापुद्रा ठेवण्यात आला. प्रारंभी चेहरा डावीकडे सैल पडला होता. काही महिन्यांत तो सावरला, आणि डोळा मिटू लागला. डाव्या कानाचे ऐकणे मात्र गेले ते गेलेच. उरलेला पापुद्रा वाढत नाही ना, हे पाहण्यासाठी ठराविक काळाने चित्रण करावे लागते, आणि त्या दिवशी घरात कोणी फारसे बोलत नाही. शेष राखणे म्हणजे शेषावर लक्ष ठेवणे, हे त्या कुटुंबाने पत्करले आहे.

चौबे कॉलोनीतील महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमास त्या आजही येतात. रांगेच्या अगदी डाव्या टोकाची खुर्ची धरतात, म्हणजे सगळी माणसे उजव्या कानाकडे येतात. शेजारची खुर्ची थोरल्या दिरांची असते.