दहा पावलांची बिनतारी

बिनतारी विद्येचा इतिहास आपण बहुधा लांब पल्ल्याचा म्हणून सांगतों. मार्कोनीनें १९०१ सालीं अटलांटिक महासागरापलीकडे संकेत पोंचविला, हें शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असतें. आज मी बोलणार आहें तें दहा पावलांच्या बिनतारीविषयीं.

मोबाइलमधील ‘ब्लूटूथ’ या सोयीचें काम स्वीडनमधील लुंड येथें एरिक्सन कंपनीनें १९९४ च्या सुमारास हातीं घेतलें. यंत्रांना जोडणाऱ्या तारांचा जंजाळ दूर व्हावा, एवढाच मूळ हेतु. १९९८ मध्यें एरिक्सन, नोकिया, इंटेल, आय.बी.एम. व तोशिबा या पांच कंपन्यांनीं एकत्र येऊन मंडळ स्थापिलें. नांव सुचविलें इंटेलच्या जिम कार्डाक यांनीं; तें दहाव्या शतकांतील डेन्मार्कच्या हॅरल्ड ब्लूटूथ राजाचें. त्यानें विखुरलेले प्रदेश एकत्र आणले, तशीं ही विद्या निरनिराळीं यंत्रें जोडील, असा त्यांतील भाव. हिच्या लहरी सेकंदाला १६०० वेळां मार्ग बदलतात. त्यामुळें लहरींच्या गर्दींतहि संबंध सहसा तुटत नाहीं. पल्ला सामान्यतः दहा मीटरांचा. दोन यंत्रांची आधीं ओळख पटवावी लागते. म्हणून अनोळखी यंत्राची विनंती स्वीकारूं नये, आणि काम संपतांच सोय बंद ठेवावी.

२०२० च्या साथींत या विद्येवर निराळेंच काम सोंपविलें गेलें. २ एप्रिल रोजीं केंद्र सरकारनें ‘आरोग्य सेतु’ सुरू केलें. कोणाचा मोबाइल कोणाच्या मोबाइलजवळ आला, याची नोंद ब्लूटूथ ठेवूं लागलें. माणसांच्या जवळिकीची वही सरकारदरबारीं असावी काय, असा प्रश्न अनेक विचारवंतांनीं केला, व तो रास्तच होता.

त्याच दिवसांत आमच्या जालन्यांतील पोलादाच्या कारखान्यांत राबणारे २० परप्रांतीय मजूर ७ मेच्या रात्रीं रुळांच्या वाटेनें पायीं निघाले. भुसावळला गांवची गाडी मिळेल, ही त्यांची आशा. करमाडजवळ थकून ते रुळांवरच निजले, आणि ८ मेच्या पहांटे मालगाडीखालीं त्यांतील १६ जण मृत्यु पावले. मध्य प्रदेशांतील शहडोल व उमरिया जिल्ह्यांतील हीं माणसें.

दोन मोबाइलांमधील अंतर सांगणारी विद्या तेव्हां देशापाशीं होती. परंतु आपल्या गांवांत राबणारा मनुष्य उपाशी आहे कीं घरीं जावयास निघाला आहे, हें कळण्यास शेजाऱ्यानें त्याच्या दारापर्यंत जाऊन विचारावें लागतें. तीं दहा पावलें आपणांस चालावीं लागतील.