‘बुडून मृत्यू’ : एका नोंदीची कारणमीमांसा

अमेरिकेतील यूटा व ॲरिझोना या राज्यांच्या सीमेवरील पॉवेल जलाशय १९६३ पासून भरू लागला आणि पुढे हाउसबोटींचे विहारस्थान बनला. या नौकांच्या मागील बाजूस पोहणारा मनुष्य दगावला की मृत्यूचे कारण म्हणून ‘बुडणे’ नोंदविले जाण्याचा संभव मोठा असे. शब्द सर्वस्वी खोटा नव्हे. परंतु त्यामुळे पुढील चौकशी खुंटे.

ऑगस्ट २००० मध्ये दोन बालबंधू तेथे मरण पावले, तेव्हा संघराज्य शासनाच्या तज्ज्ञांनी मोजमापे घेतली. अनेक नौकांत वीजजनित्राचा धूर मागील फलाटाखालील पोकळीत सोडलेला असे, आणि पाण्यात उतरण्याची शिडीही तेथेच! पोकळीतील हवेत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण दहा लक्ष भागांत ३०,००० पर्यंत आढळले. जीवितास तात्काळ धोक्याची मर्यादा १,२०० मानली जाते. हा वायू वर्णहीन व गंधहीन असून हीमोग्लोबिनाशी त्याचे आकर्षण प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट आहे. पोहणारा प्रथम शुद्ध हरपतो, मग बुडतो; रक्तपरीक्षेवाचून हा क्रम उलगडत नाही. उघड्या हवेत धुराचे भय नाही, ही समजूतही संशोधनाच्या आड आली असावी.

डॉ. रॉबर्ट बॅरन यांनी जुनी प्रकरणे धुंडाळून त्यांची यादी सिद्ध केली. २००१ मध्ये अशी रचना असलेल्या नौका दुरुस्तीसाठी परत घेण्यात आल्या. पुढे धूर छताहून उंच नेणारी नळकांडी आली. इंजिन चालू असता मागील फलाटास लोंबकळण्यास कॅलिफोर्नियाने २००४ च्या कायद्याने बंदी घातली.