रविवारची शाळा

धर्मशिक्षणाचा विषय निघाला की दोन शंका हटकून पुढे येतात. कोणी फुकट शिकवितो त्या अर्थी त्याचा काही अंतःस्थ हेतू असला पाहिजे, ही पहिली. आणि एकाच धर्माचे दोन पंथ एका छपराखाली मुलांना शिकवू लागले तर शेवटी भांडणच व्हावयाचे, ही दुसरी. या दोन्ही शंका पारखून पाहण्यास इंग्लंडातील ख्रिस्ती लोकांनी चालविलेल्या रविवारच्या शाळांचा इतिहास फार उपयोगी पडतो. तो आज आपणांपुढे थोडक्यात ठेवतो.

पश्चिम इंग्लंडातील ग्लॉस्टर हे शहर अठराव्या शतकात टाचण्यांच्या धंद्यासाठी प्रसिद्ध होते. गरिबांची मुले सहा दिवस कामाला जुंपलेली असत आणि सातव्या दिवशी रस्त्यावर मोकाट सुटत. तेथील ‘ग्लॉस्टर जर्नल’ या वृत्तपत्राचा मालक रॉबर्ट रेक्स याने तुरुंगातील कैद्यांची दैना जवळून पाहिली होती. अज्ञान आणि गुन्हा यांचे नाते त्याच्या मनात पक्के बसले होते. 1780 साली त्याने व टॉमस स्टॉक या धर्मोपदेशकाने मिळून हा उद्योग आरंभिला. दर रविवारी एकेक शिलिंग देऊन काही बायांना मुले शिकविण्यास बसविले. शिकवावयाचे काय, तर बायबल वाचता येईल इतके वाचन आणि धर्माची मूलतत्त्वे. कल्पना अगदी नवी नव्हती. हॅना बॉल या बाईने 1769 मध्येच हाय वायकोम येथे अशी शाळा काढली होती. पण रेक्सच्या हाती छापखाना होता. नोव्हेंबर 1783 मध्ये त्याने आपल्या पत्रात ही हकीकत छापली, आणि गावोगावी तिचे अनुकरण होऊ लागले.

1785 साली विल्यम फॉक्स या बाप्टिस्ट व्यापाऱ्याच्या पुढाकाराने लंडनमध्ये या शाळांसाठी एक संस्था निघाली. तिच्या समितीत निम्मे सभासद राजमान्य चर्चचे, तर निम्मे त्या चर्चबाहेरील पंथांचे होते. या वाटणीचे मोल आज सहज ध्यानात यावयाचे नाही. चर्चबाहेरच्या लोकांना सरकारी अधिकारपदांवर बसण्याची कायद्याची आडकाठी 1828 पर्यंत उठली नव्हती. कायद्याने ज्यांना वेगळ्या पंक्तीस बसविले होते, ते येथे एका मेजाभोवती बसले; कारण समोरच्या मुलाला अक्षर येत नव्हते, आणि अक्षराला पंथ नसतो. पुढे पगारी शिक्षकांच्या जागी बिनवेतन शिकविणारे तरुण येऊ लागले. त्यांच्या साह्यासाठी 1803 मध्ये लंडनला निरनिराळ्या पंथांच्या शिक्षकांचा एक संघही निघाला.

मग सारे सुरळीत चालले काय? नाही. वाचन धर्मग्रंथासाठी म्हणून ते रविवारी चालेल. पण लेखन हा ऐहिक व्यवहार, तो त्या पवित्र दिवशी कसा शिकवावा, असा वाद माजला, आणि कित्येक शाळांनी लेखन बंद केले. 1800 साली बिशप हॉर्सली याने तर चर्चबाहेरील लोकांच्या शाळांत राज्यक्रांतीचे विष पेरले जात असल्याचा संशय बोलून दाखविला. रोजच्या शाळांची वेळ आली तेव्हा दोन्ही पक्षांनी आपापल्या निराळ्या संस्था उभारल्या. मूल कोणाचे, हा प्रश्न निघाला की ऐक्य मोडते, असाच त्याचा अर्थ. तरीही 1851 च्या गणतीत इंग्लंड-वेल्समधील रविवारच्या शाळांच्या पटावर 24 लाखांहून अधिक नावे निघाली.

ऐक्याचा दुसरा मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. 1872 च्या इंडियानापोलिस येथील परिषदेने ठरविले की, सर्व पंथांच्या शाळांतून दर रविवारी बायबलातील एकच उतारा शिकवावा. ही व्यवस्था देशोदेशी पसरली. आपल्याकडेही 1876 मध्ये अलाहाबाद येथे रविवारच्या शाळांचा अखिल हिंदी संघ स्थापन झाला. परंतु पाच वर्षांच्या बालकाला आणि पन्नाशीच्या गृहस्थाला एकच पाठ द्यावा, यातली गैरसोय लपली नाही. 1908 पासून वयोमानाप्रमाणे निराळे पाठ आखण्यास मान्यता मिळाली. एकत्र राहावयाचे तर सर्वांनी एकाच मापाचा अंगरखा घातला पाहिजे असे नाही, हे कळावयास छत्तीस वर्षे लागली.

आता पहिल्या शंकेकडे वळतो. या दात्यांना हेतू होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. मुलांनी देवभीरू व्हावे ही इच्छा होती, तशी गरिबांनी शांत आणि आज्ञाधारक राहावे हीही होती. पण ज्याला वाचता आले तो बायबलाबरोबर वृत्तपत्रही वाचू लागला, मजुरांच्या हक्कांची पत्रकेही वाचू लागला. काय वाचावे हे त्याला सांगणारे पुष्कळ निघाले. पण त्याला आलेले अक्षर परत काढून घेणे कोणालाच शक्य नव्हते. हॉर्सलीला जी भीती वाटली तिच्यात एवढे तथ्य होते. देणाऱ्याचा हेतू काहीही असो, घेणाऱ्याच्या हाती आल्यावर हे दान खरोखरच मुक्त झाले. आपणांपैकी जे कोणी रात्रीच्या शाळेत किंवा वस्तीत जाऊन मुले शिकवीत असतील, त्यांनी हा इतिहास ध्यानी ठेवावा. आपण शिकविलेले मूल उद्या आपल्या मताविरुद्धचे पुस्तक उघडून बसेल, तेव्हा आपल्या श्रमाचे चीज झाले असे समजावे.