लिंडिसफार्न बेटावरील चुन्याच्या भट्ट्या

संस्कृतांत चुन्यास ‘सुधा’ म्हणतात, व सुधेनें लिंपलेलें मंदिर तें ‘सौध’. कवींनीं सौधांचीं वर्णनें पुष्कळ केलीं. सुधा भाजणारे मात्र उपेक्षितच राहिले. इतिहासलेखकांकडूनही असेंच घडतें. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यालगतचें लिंडिसफार्न बेट याचें ठळक उदाहरण होय.

इ. स. ७९३ मध्यें तेथील मठावर समुद्री लुटारूंनीं घातलेला छापा सर्वश्रुत आहे. परंतु त्याच बेटावरील किल्ल्याच्या पायथ्याशीं ज्या प्रचंड भट्ट्या उभ्या आहेत, त्यांकडे थोड्यांचेंच लक्ष जातें. इ. स. १८६० च्या सुमारास स्कॉटलंडमधील डंडी येथील एका व्यापाऱ्यानें त्या बांधविल्या.

येथें एक प्रश्न उद्भवतो. चुनखडीची खाण बेटाच्या उत्तर टोंकास. मग भट्ट्या तेथें न बांधतां दूर किल्ल्यापाशीं कां बांधल्या? दगड तर घोड्यांकरवीं रुळांवरून ओढून आणावा लागे, आणि शंभर मण शुद्ध चुनखडी भाजली असतां कळीचा चुना छप्पन मणच उतरतो. म्हणजे जवळजवळ निम्में ओझें व्यर्थच वाहिलें जाई.

आमच्या मतें याचें उत्तर समुद्रांत आहे. दगडी कोळसा डंडीहून गलबतांनीं येई व तयार चुना गलबतांनींच बाहेर जाई. भट्टीच्या तोंडांतून दगड व कोळसा यांचे थर आळीपाळीनें टाकीत आणि खालच्या कमानींतून भाजलेला चुना काढीत. कळीच्या चुन्यास पाणी लागलें कीं तो उकळून फुटतो. ओला झाल्यास गलबतासही आगीचें भय. असा माल बेटभर फिरविण्यापेक्षां निरुपद्रवी दगड फिरविणें शहाणपणाचें होतें.

सारांश, भट्टीची जागा दगडानें नव्हे, तर जळणानें व वाहतुकीनें ठरली. धंद्याचें आयुष्यही त्यांवरच अवलंबून होतें. एकोणिसावें शतक संपण्याच्या सुमारास भट्ट्या थंड झाल्या. चुनखडी मात्र बेटावर शिल्लकच राहिली. पुढें १९०३ पासून लटयेन्स या स्थापत्यविशारदानें वरील किल्ल्याचें निवासस्थानांत रूपांतर केलें, आणि सौधाची कीर्ति पुन्हां वाढली.

आमच्या गडांवर चुन्याचे घाणे ठिकठिकाणीं आढळतात. ते पाहतांना संशोधकांनीं एवढ्यावरच न थांबतां, हा चुना कोठें भाजला, त्यास शिंपले वा दगड कोठून आले आणि सरपण कोणीं वाहिलें, हेंही विचारावें, अशी आमची विनंति आहे. सुधेचा शोध लागल्यावांचून सौधाचा इतिहास पुरा होत नाहीं.