परवडणारा वस्तरा आणि मुंबईचं पोलाद

मीरा रोड स्टेशनपासून आमच्या सोसायटीपर्यंत मी मोजली, सात सलून आहेत. दोन एसी, एक 'युनिसेक्स', बाकीची साधी. या सातांपैकी एकाही ठिकाणी वस्तरा नाही. तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय, परवाच तर दाढी करून आलो! पण नीट बघा. सलूनवाला दुमडणारी एक पट्टी उघडतो, साधं ब्लेड कागदासकट मधोमध मोडतो, अर्धं त्या पट्टीत सरकवतो आणि अर्धं पुढच्या गिऱ्हाइकासाठी बाजूला ठेवतो. हा झाला ब्लेडचा होल्डर. खरा वस्तरा म्हणजे अख्खं पातंच पोलादाचं, दगडावर धार लावायची, चामड्याच्या पट्ट्यावर घासायचं आणि वर्षानुवर्षं तेच वापरायचं.

गेल्या काही वर्षांत आयटीतल्या बऱ्याच पोरांना खऱ्या वस्तऱ्याने दाढी करायची हुक्की आलेली आहे. (फिल्टर कॉफी आणि फाउंटन पेन झाल्यावर हाच नंबर असतो बहुतेक :)) आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच. स्वस्तात चांगला वस्तरा मिळतो कुठे? त्याचं उत्तर शोधता शोधता मी अठराव्या शतकातल्या मुंबईत जाऊन पोचलो, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी थोडं इंजिनिअरिंग. वस्तऱ्याची पाठ जाड असते, साधारण 5 मिलिमीटर, आणि पात्याची रुंदी 18 मिलिमीटरच्या आसपास. दगडावर वस्तरा आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही टेकतात आणि आपोआप 16-17 अंशांचा कोन तयार होतो. म्हणजे कोन धरायचं कसब तुमच्या हातात असायची गरजच नाही, ते डिझाईनमध्येच बसवलंय. ज्याने कुणी हे पहिल्यांदा केलं त्याला साष्टांग नमस्कार. पण एवढ्या पातळ धारेला टिकायचं तर पोलाद तसं हवं. कार्बन 1 टक्क्याच्या आसपास, पाणी देऊन कडक केलेलं, रॉकवेलच्या मापात 60 च्या घरात. जास्त मऊ असेल तर धार वळते, जास्त ठिसूळ असेल तर तिचे कण उडतात.

आता गंमत बघा. आमच्या शेजारी भाईंदर पूर्वेला गाळ्यागाळ्यांतून स्टीलची भांडी बनतात. पत्रा, प्रेस, पॉलिशचा खरखराट आणि हवेत ती काळी धूळ. एवढं स्टील आजूबाजूला असताना कुणी वस्तरा का करत नाही? कारण भांड्यांच्या स्टीलमध्ये कार्बन जेमतेम 0.1 टक्क्याच्या आसपास असतो. ते गंजू नये आणि प्रेसखाली नीट वळावं म्हणून बनवलेलं. लाल करून कितीही वेळा पाण्यात बुडवा, कडक होणार नाही. ऑनलाईन मिळणारे बरेचसे चकचकीत स्वस्त वस्तरे याच जातकुळीतले. दिसायला देखणे, मुठीवर नक्षी, आणि दाढी करायला गेलात तर केस उपटल्यासारखे वाटणार. त्यात कुणी 'दमास्कस' म्हणून लाटालाटांची नक्षी दाखवली तर आणखीच सावध राहा.

कारण खरं दमास्कस हे आपल्याच पोलादाचं लेकरू. दख्खनच्या पठारावर आणि दक्षिणेत मातीच्या मुशीत लोखंड, लाकूड आणि पाला घालून, तोंड लिंपून, भट्टीत वितळवून सावकाश गार करत. त्यातून दीड टक्क्याच्या आसपास कार्बन असलेला पोलादाचा गोळा निघे. निजामाच्या मुलखातलं कोनासमुद्रम हे त्याचं एक मोठं केंद्र. 1820 मध्ये व्हॉयझी नावाचा इंग्रज तिथे गेला तेव्हा पोलाद न्यायला आलेले इराणी व्यापारी त्याला भेटले. कानडीत पोलादाला 'उक्कू' म्हणतात, त्याचंच इंग्रजांनी 'वुट्झ' केलं असं मानतात.

आणि हे वुट्झ लंडनला पाठवलं कुणी? मुंबईच्या एका डॉक्टरने! हेलेनस स्कॉट हा कंपनी सरकारचा डॉक्टर. त्याने 1794 च्या सुमारास रॉयल सोसायटीच्या जोसेफ बँक्सकडे नमुने धाडले. जॉर्ज पिअर्सनने त्यावर प्रयोग करून 1795 मध्ये निबंध वाचला आणि त्याच्या शीर्षकातच हे पोलाद मुंबईत तयार होतं असं ठोकून दिलं. मुंबईत ते होत नव्हतं, मुंबईतून फक्त जहाजावर चढत होतं. मेड इन आणि शिप्ड फ्रॉम यातला घोळ तेव्हापासूनचा आहे तर!

यानंतरची माझी आवडती जोडी म्हणजे जेम्स स्टोडार्ट आणि मायकेल फॅरेडे. स्टोडार्ट लंडनचा कटलर, म्हणजे सुऱ्या, वस्तरे आणि सर्जनची हत्यारं बनवणारा. वुट्झ त्याला इतकं आवडलं की आपण त्याची हत्यारं बनवतो अशी तो जाहिरात करायचा. ते घडवायला मात्र महाकठीण, जरा जास्त तापलं की हातोड्याखाली भुगा. 1820 आणि 1822 मध्ये या दोघांनी पोलादाच्या मिश्रधातूंवर निबंध लिहिले. होय, विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावणारा तोच फॅरेडे, त्याआधी वुट्झची नक्कल करायच्या खटपटीत होता. त्यांनी पोलादात पाचशेला एक भाग चांदीही घालून पाहिली. पुढे जुन्या वस्तऱ्यांवर 'सिल्व्हर स्टील' असा शिक्का सर्रास दिसायला लागला, बहुतेकांत चांदीचा कणही नाही. मार्केटिंगवाले तेव्हाही होतेच.

शेफील्डला वुट्झची खरं तर गरज राहिली नव्हती. तिथे बेंजामिन हंट्समनने 1740 च्या दशकातच स्वतःच्या रीतीने मुशीत पोलाद वितळवलं होतं. मग शेफील्ड आणि नंतर जर्मनीच्या झोलिंगेनचे वस्तरे जगभर गेले, आपल्याकडेही आले.

पण आपल्याकडे वस्तरा विकत घ्यायचा प्रश्न सामान्य माणसाला पडतच नव्हता. गावात न्हावी बलुतेदार. धोकटी त्याची, वस्तरा त्याचा, धार लावायची अक्कलही त्याची. वर्षाकाठी धान्य दिलं की घरातल्या सगळ्यांची सोय. आजच्या भाषेत सबस्क्रिप्शन मॉडेल म्हणा हवं तर, पण बलुतेदाराला ते सोडून जायची मुभा नव्हती, हा फरक विसरून चालणार नाही.

म्हणूनच 1890 ची घटना मला फार मोठी वाटते. त्या वर्षी मुंबईत नाभिकांनी सभा भरवून ठरवलं, की विधवांचं केशवपन करायचं नाही. पुढाकार नारायण मेघाजी लोखंड्यांचा. तेच ते, 'दीनबंधू' चालवणारे आणि गिरणी कामगारांचे पहिले पुढारी. मागे जोतीरावांच्या सत्यशोधक चळवळीचं बळ. सुधारकांनी व्याख्यानं खूप दिली, पण इथे हातावर पोट असलेल्या माणसांनी वस्तरा खाली ठेवला. ठरलेल्या मिळकतीवर पाणी सोडलं, वर यजमानांचा रोष. शाळेच्या इतिहासात मला हे एका ओळीतसुद्धा भेटलं नव्हतं.

वस्तऱ्याला खरा धक्का दिला तो जिलेटने. 1903 ला विक्री सुरू, पहिल्या वर्षी खपले 51 रेझर आणि 168 ब्लेडं! कागदासारख्या पातळ पत्र्याला पाणी देता येणं अशक्य असं जाणकार सांगत होते, ते विल्यम निकरसनने करून दाखवलं. 'रेझर फुकट द्या, ब्लेडवर कमवा' ही एमबीएवाल्यांची लाडकी गोष्टही पेटंट असेपर्यंत खोटीच, सेटची किंमत चांगली 5 डॉलर होती. रेझर स्वस्त झाला 1921 मध्ये पेटंट संपल्यावर. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने 35 लाख रेझर घेतले आणि पुरुष घरच्या घरी दाढी करायला शिकले. आपल्याकडे पुढे टोपाझ आली, सुपरमॅक्स आली. सुपरमॅक्सची ब्लेडं तर इथून डोंगरापलीकडे, ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बनत. सलूनवाल्यांनी मात्र वस्तरा बरीच वर्षं सोडला नव्हता. एड्सची भीती 1990 च्या दशकात घरोघर पोचली, गिऱ्हाईक नवं ब्लेड मागायला लागलं आणि मग अर्ध्या ब्लेडची पट्टी आली. ते योग्यच झालं. एकच पातं दहा गालांवरून फिरवणं शहाणपणाचं नाही.

आता मूळ प्रश्न. नवा झोलिंगेन घ्यायचा तर खिसा रिकामा. चिनी 'गोल्ड डॉलर' स्वस्त असतो, पोलाद बरं असतं, पण पाठीचं आणि पात्याचं ग्राइंडिंग वेडंवाकडं, तासन् तास घासावं लागतं. माझं मत विचाराल तर जुना वस्तरा घ्या. लोकलने ग्रँट रोडला उतरा, चालत मटण स्ट्रीटवर, म्हणजे चोर बाजारात. काळ्या पडलेल्या पात्याला घाबरू नका, वरवरचा गंज निघतो. पण धारेपाशी खड्डे असतील, बारीक चीर असेल किंवा पाठ एकाच बाजूने झिजलेली असेल तर हात जोडून परत द्या. मुठीचं काय, ती बदलता येते. घरी आणल्यावर साबणाने स्वच्छ करा आणि तो फक्त स्वतःच वापरा.

खर्च पुढे असतो! 1000, 5000, 8000 असे दगड आणि चामड्याचा पट्टा घेता घेता वस्तऱ्याच्या कितीतरी पट पैसे जातात. म्हणून आधी तुमच्या भागातल्या एखाद्या म्हाताऱ्या नाभिक काकांना गाठा. त्यांच्या ड्रॉवरमध्ये जुना दगड अजून असतो. धार लावून द्याल का, असं विचारलंत तर आधी चेहऱ्याकडे बघतील, मग वस्तरा उघडून अंगठ्याच्या पेरावर आडवा फिरवतील, आणि पोलाद कुठलं ते बहुधा शिक्का न वाचताच सांगतील.